डावा आरसा

मॅटाडोर मूळची दूध डेअरीची.
ऊन चढलं की पत्र्यातून अजून आंबूस वास येतो.
मी तिच्यात फळी ठोकली, गादी टाकली,
एक शेगडी, चार डबे, पाण्याचा कॅन,
पडद्याला हेमलताची मोतिया साडी,
आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी
आम्ही उनपदेवला मुक्कामी गेलो.

गाडीत सगळं होतं. आरसे तेवढे माना टाकायचे.

यावल सोडताना डाव्या आरशात रस्ता असायचा,
साकळीला नुसतं दार,
किनगावला चाकाची टोपी,
अडावद येईस्तोवर
आमचीच सावली, धुळीतून फरफटत येणारी.

उजवा निदान माझ्या हाताशी.
डाव्यासाठी हेमलता.
काच खाली, कोपर बाहेर,
चार बोटं आरशाच्या पाठीला, अंगठा खालून,
लेकराची हनुवटी धरून भांग पाडावा तशी.
तीन उन्हाळे धरला तिने तो.
डावा हात उजव्यापेक्षा एक छटा काळा झाला.
लग्नकार्यात बायका विचारायच्या,
ती म्हणायची, "नोकरी आहे माझी."

यंदा वैशाखात
अडावदच्या अलीकडे, निंबाखाली,
मुबारक तडवीच्या गॅरेजात गाडी लावली.
दाताचा डॉक्टर दाढ हलवून बघतो
तसा त्याने एका बोटाने आरसा हलवला.
"गोयी घसली, भाऊ. वाटी मोठी झाली.
आता सवय पडली तिले लोंबायची."

दहाचा पाना.
दोन स्क्रू सुटले, तिसरा गंजून पत्र्याचाच झालेला.
त्याला डिझेलचे चार थेंब पाजले,
आणि एक विडी संपेपर्यंत आम्ही तिघंही गप्प बसलो.
मग एक टिचकी. आला.

सायकलच्या ट्यूबची करंगळीएवढी पट्टी
त्याने गोळीभोवती लपेटली,
वर स्प्रिंगचा वायसर,
आणि पत्र्याची भोकं रुंदावली होती म्हणून आतून
केळीच्या तुटक्या क्रेटचा निळा तुकडा.

बत्तीस वर्षं दीपनगरला
मी टर्बाइनचे बोल्ट आवळले.
ही एवढी रबराची पट्टी मला सुचली नाही,
की सुचली होती आणि
नंतर बघू म्हणून कुठे ठेवून दिली,
आता आठवत नाही.

"हत्तीनं वढला तरी नई हालनार."
साठ रुपये घेतले त्याने. चहा त्याचाच.

परतीला आरसा पहारेकऱ्यासारखा ताठ.
त्यात अख्खा रस्ता, अख्खे ट्रक,
उलट्या अक्षरांतलं कुणाच्या तरी आईचं नाव.
हेमलताचा हात मांडीवर.
तिने शेंगा फोडल्या, खाल्ल्या नाहीत.
कॅरीबॅगची घडी घातली, उलगडली,
परत घातली.
किनगाव गेलं.
केळीच्या बागांवरची हिरवी जाळी गेली.
हाताला काय काम सांगावं, तिला कळेना.

साकळीच्या पुढे
रबर कुईं करून कण्हलं.

मी डावीकडे बघितलं. रस्ता नव्हता.
तिचा चष्मा होता,
कानाजवळचे वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस,
मागे मोतिया पडदा फडफडत.

"मला मागचं दिसत नाही," मी म्हणालो.

तिने खिडकीतून मान बाहेर काढली.
"ट्रक आहे एक. केळीचा. लांब आहे अजून...
थांबा, आला. जाऊ द्या त्याला."

मी गाडी कडेला घेतली. ट्रक गेला.
त्याच्या पाठोपाठ एक मोटारसायकल
अगदी आमच्या दाराला घासून गेली.
ती सांगायची राहिली.

मी काही बोललो नाही.
ती केव्हाच मान आत घेऊन बसली होती
आणि आरशाचा नियमच आहे,
त्यात मला ती दिसत असेल
तर तिला मी.